भाचेरावांचे खेळणे

दरवर्षी सप्टेंबरात आमच्या महाविद्यालयात ‘मोबाईल आणि आजचा युवक’ या विषयावर एक व्याख्यान होते. बाहेरचा वक्ता आणावयाचा म्हणजे त्याचे मानधन आले, जाण्यायेण्याचे भाडे आले, शाल-श्रीफळ आले. उलट, मराठीचा प्राध्यापक कोणत्याही विषयावर फुकट बोलू शकतो असा एक समज आहे. आणि खरे सांगावयाचे तर तो थोडासा माझाही आहे. त्यामुळे गेली दहा वर्षे हे व्याख्यान माझ्या गळ्यात आहे. त्यात मी खेळांचा भरपूर समाचार घेतो. ‘हातातले हे खेळणे तुमचे आयुष्य खाऊन टाकील’ या वाक्याला टेबलावर मूठ आपटतो. मुले टाळ्या वाजवितात आणि सभागृहाबाहेर पडताच खिशातून तेच खेळणे बाहेर काढतात.

या व्याख्यानात एकच उणीव होती. ज्या वस्तूविषयी मी इतका तावातावाने बोलत होतो, ती मी मोठेपणी कधी हातात घेतलीच नव्हती.

तो योग २०२५ च्या जुलैअखेरीस आला. लंडनला असलेली माझी ताई सुटीत माहेरी वरूडला आली आणि तिच्याबरोबर बारा वर्षांचे आमचे भाचेराव आले. भाचेरावांच्या पाठपिशवीत दोन सदरे होते. बाकी सारे एका यंत्राचे सामान होते. यंत्राचे नाव निन्टेंडो स्विच २. हातात धरून खेळावयाचे, वाटल्यास घरच्या टीव्हीला जोडावयाचे. ५ जून २०२५ रोजी ते जपान, अमेरिका, इंग्लंड वगैरे देशांत विक्रीस आले आणि पहिल्या चार दिवसांतच ३५ लाखांवर यंत्रे खपली. त्या देशांच्या यादीत भारताचे नाव नव्हते. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या बगीच्यांत वसलेल्या आमच्या गावी ही वस्तू दुकानात येण्याआधीच घरात येऊन पडली होती. परदेशची नवलाई आमच्याकडे नेहमी अशीच येते. दुकानातून नव्हे, कोणाच्या तरी बॅगेतून.

भाचेरावांनी तर ते यंत्र लंडनच्या बाजारात येण्याच्याही आधी हाताळले होते. एप्रिलमध्ये कंपनीने तेथे ते दाखविण्याचा मेळा भरविला होता. त्याची तिकिटे सोडत काढून देण्यात आली आणि ताईच्या यजमानांचा नंबर लागला. काशीहून परतलेला यात्रेकरू ज्या भक्तिभावाने गंगेचे वर्णन करतो, त्या भावाने भाचेराव त्या दिवसाचे वर्णन करीत होते. ऐकणाऱ्यांत माझी पंचाहत्तरीची आई होती. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “जेवाले काय होतं रे तेथं?”

असो. पहिल्याच संध्याकाळी भाचेरावांनी ते यंत्र माझ्या हाती दिले. “मामा, दोन्ही हातांनी धर. पाडू नकोस.” वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक, आमच्या मापाने साडेतीन संत्र्यांएवढे. मधोमध आठ इंचांना जरा कमी असा पडदा आणि दोन्ही बाजूंना बोटांसाठी खुंट्या व बटणे. या दोन बाजू लोहचुंबकाने चिकटलेल्या असतात. मागची एक कळ दाबली की त्या अलगद सुटतात, आणि जवळ नेल्या की ‘टक्’ असा आवाज करून पुन्हा आपल्या जागी बसतात. पंधरा मिनिटे मी नुसता हाच उद्योग करीत होतो. भाचेरावांनी जरा वाट पाहिली आणि मग फारच सौजन्याने सांगितले, “मामा, खेळ अजून सुरू झाला नाही.”

या वस्तूच्या कुळाची हकीकत मोठी गमतीची आहे. ज्या कंपनीने हे यंत्र काढले ती १८८९ साली जपानातील क्योतो शहरात सुरू झाली, तेव्हा विजेचा आणि तिचा काही संबंध नव्हता. ती फुलांची चित्रे असलेले, हाताने बनविलेले पत्ते विकीत असे. पुढे १९६५ साली त्या कारखान्यातील यंत्रांची देखभाल करावयास गुनपेई योकोई नावाचा एक तरुण नोकरीस लागला. त्याची गोष्ट अशी सांगतात की, एकदा आगगाडीत त्याने एक कंटाळलेला नोकरदार पाहिला. तो गृहस्थ हिशेबाच्या छोट्या यंत्राची बटणे उगाच दाबीत वेळ काढीत बसला होता. त्यावरून योकोईला खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली आणि १९८० साली असे पहिले खेळणे त्या कंपनीने बाजारात आणले. १९८९ साली त्याच कंपनीचा ‘गेम बॉय’ आला. त्याचा पडदा हिरवट, रंग नाहीत, चार सेलांवर चालणारा. त्या काळी रंगीत पडदे निघाले होते. पण योकोईचे म्हणणे असे की, जुने, स्वस्त आणि पक्के झालेले तंत्रच घ्यावे आणि त्याचा नव्या तऱ्हेने उपयोग करावा. स्वयंपाकघरात हे शास्त्र आपल्या आया फार पूर्वीपासून जाणतात. शिळ्या पोळीचा कुस्करा काय निराळा असतो?

हे वाचता वाचता मला एकदम बहिरमची यात्रा आठवली. १९९४ सालचा पौष असावा. वडिलांनी मला आणि ताईला मिळून एक ‘ब्रिक गेम’ घेऊन दिला होता. वरून विटा पडत आणि खाली त्या ओळीत बसवाव्या लागत. मूळ खेळ १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी केला होता, हे आम्हांला कोठले ठाऊक! सेल उतरेपर्यंत आम्ही दोघे भांडून खेळलो. म्हणजे मीही एके काळी खेळलो होतो. दहा वर्षे भाषण करताना मला त्याची एकदाही आठवण झाली नाही. आपण मूल होतो हे विसरून जाणे यालाच बहुधा आपण जबाबदारी म्हणतो.

भाचेरावांनी मला मोटारींच्या शर्यतीत बसविले. चोवीस मोटारी एकदम सुटल्या. त्यांतील तेवीस पुढे गेल्या आणि माझी भिंतीवर. मग मी एका पुलावर आलो आणि पुलाच्या कडेवरून सरळ खाली गेलो. मला वाटले, संपला खेळ. तोच ढगात बसलेला कोणी एक विचित्र प्राणी गळ टाकून आला, त्याने माझी मोटार वर उचलली आणि रस्त्याच्या मधोमध ठेवून दिली. मी पुन्हा पडलो. त्याने पुन्हा उचलले. त्या संध्याकाळी मी किती वेळा पडलो याचा हिशेब भाचेरावांनी ठेवला होता, पण तो येथे देण्याचे कारण नाही. तो प्राणी मात्र एकदाही कंटाळला नाही. त्याने काही मागितले नाही आणि सुनावलेही नाही.

आई बाजूला वाती वळीत बसली होती. तिने विचारले, “हे पडलं की उचलून घेते काय याले?”

“हो आजी, दर वेळी.”

“मंग भलं आहे बाप्पा हे,” ती म्हणाली आणि तिने वातीचे ताट दूर सारले. भाचेरावांनी यंत्राची एक बाजू सोडवून तिच्या हाती दिली, दुसरी स्वतः घेतली आणि पडदा पाटावर उभा केला. यंत्राचे दोन तुकडे दोघांनी वाटून घ्यावयाचे, ही त्यातील सर्वांत शहाणपणाची युक्ती मला वाटली. आई तिच्या काळी चिंचोके फोडून चंगाष्टा खेळलेली आहे. तिला हार-जीत शिकवावी लागली नाही. संधिवाताने आखडलेल्या बोटांना बटण सापडेना, तेव्हा भाचेरावांनी आपला अंगठा तिच्या अंगठ्यावर ठेवला. ज्या मुलाला ‘आजी, बरी आहेस का?’ याच्या पुढचे मराठी येत नाही अशी ताईची तक्रार होती, तो मुलगा पाऊण तास आजीशी मराठीत बोलत होता, ‘डावीकडे, डावीकडे! आजी, दुसरी डावीकडे!’ इतकेच का होईना.

दुसऱ्या दिवशी त्याने मला आणखी एक खेळ दाखविला. राजी नावाची एक मुलगी, हातात त्रिशूळ, राक्षसांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधीत जुन्या राजवाड्यांतून आणि किल्ल्यांतून फिरते. देवी दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हे त्याचे नाव, आणि तो केला आहे पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने. ऑगस्ट २०२० मध्ये तो पहिल्यांदा प्रसिद्ध झाला तो याच यंत्राच्या आधीच्या आवृत्तीवर. लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा या मंडळींचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी खेळ पुरा केला. लंडनच्या मुलाने पुण्याचा खेळ वरूडच्या मराठीच्या प्राध्यापकाला दाखवावा, आणि प्राध्यापकाने तोंडात बोट घालावे! माझ्या व्याख्यानात यातले काहीच नव्हते.

यंत्राचे दोषही सांगितले पाहिजेत. किंमत २०२५ साली आपल्या हिशेबी पंचेचाळीस हजारांच्या आसपास जात होती. शिवाय नव्या मोठ्या खेळाला निराळे सात-आठ हजार. अवजड खेळ लावला तर दोन-अडीच तासांत बॅटरी संपते आणि आमच्याकडची वीज भाचेरावांच्या वेळापत्रकाने येत नाही. आणि ते वेळ खाते, याविषयी शंका नको. आईने तिसऱ्याच दिवशी कायदा केला, “देवाजवळ दिवा लागला की यंत्र बंद.” भाचेरावांनी तो मुकाट्याने मानला, कारण कायदा करणारी स्वतः त्यांच्याबरोबर खेळत होती.

पण त्या पहिल्या रात्री मला झोप आली नाही. ‘पडलं की उचलून घेते काय?’ हा आईचा प्रश्न मला सोडीना.

गोष्ट २०२२ च्या हिवाळ्यातली आहे. बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला एक मुलगा होता. तिसऱ्या बाकावर बसणारा, सुरेख अक्षराचा. एके दिवशी तास संपल्यावर तो माझ्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. “सर, मले थोडं बोलाचं होतं तुमच्यासंगं. मोबाईलवर एक खेळ आहे न् सर...”

‘खेळ’ हा शब्द कानी पडला मात्र, माझ्यातला वक्ता जागा झाला. सप्टेंबरातले सगळे व्याख्यान मी त्याला ऐकविले; आयुष्य खाऊन टाकणारे वाक्यसुद्धा. वीस मिनिटे तो उभा होता. शेवटी “हो सर” म्हणाला आणि निघून गेला. तो परीक्षेला बसला नाही.

पुढे कळले ते असे. त्याच्या वडिलांनी आंबिया बहाराचा बगीचा व्यापाऱ्याला दिला होता. इसाराचे ऐंशी हजार रुपये मुलाच्या खात्यात आले होते, कारण वडिलांना मोबाईलवरचा व्यवहार जमत नव्हता. मुलगा फोनवर पैसे लावून रमी खेळे. पहिल्या दिवशी तो जिंकला. मग काही रात्रींत सारे गेले. मी टेबलावर मूठ आपटीत होतो त्या वेळी त्या खात्यात अजून काही पैसे शिल्लक होते, हे मला त्याच्या मित्राने सांगितले. ते ऐकल्यापासून मी त्या मुलाचे घर असलेल्या रस्त्याने जाण्याचे टाळीत आलो होतो.

शब्दांचा मास्तर असून मी शब्दाशीच घोटाळा केला होता. आपल्या पूर्वजांनी हा फरक फार काळजीपूर्वक केला आहे. खेळ निराळा, क्रीडा निराळी, द्यूत निराळे. ऋग्वेदातील अक्षसूक्तात फासे टाकणाऱ्याचे दुःख आहे. घर गेले, माणसे दुरावली, तरी फासे बोलावतातच. आणि वेदांपर्यंत कशाला जा? आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात ऋद्धिपूर आहे, आजचे रिद्धपूर. आम्ही दरवर्षी वर्गात शिकवितो ते म्हाइंभटांचे लीळाचरित्र सांगते की, चक्रधरस्वामी पूर्वी गुजरातेत राजपुत्र हरिपाळदेव असताना जुगारात हरले, पत्नीने दागिने द्यावयास नकार दिला, आणि त्यातून आलेल्या विरक्तीने ते रामटेकच्या यात्रेस म्हणून निघाले. पुढे ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंकडे पोचले. त्यांच्या चरित्रातील प्रसंगांना नाव मिळाले ‘लीळा’, म्हणजे पुन्हा खेळच! एकाच चरित्रात जुगारही आहे आणि लीळाही. परंतु त्या दोहोंना एकाच शब्दात कोंबण्याची चूक म्हाइंभटांनी केली नाही. ती मी केली.

मोटारींच्या त्या खेळात मी हरलो तेव्हा माझे काय गेले? थोडा वेळ आणि भाचेरावांपुढची अब्रू. त्या मुलाच्या फोनवरच्या खेळात हरणाऱ्याचे घर जात होते. आणि तो हरला तरच त्या खेळाच्या धन्याचे पोट भरत होते. दोन्हींत पडदा आहे, बटणे आहेत, रंग आहेत. बाहेरून पाहणाऱ्या बापाला दोन्ही सारखेच दिसतात.

भाचेराव येथे असतानाच, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींनी त्यावर संमतीची मोहोर उठविली. त्या कायद्याने खेळांचे तीन वर्ग केले. स्पर्धेचे ई-स्पोर्ट्स, करमणुकीचे खेळ आणि पैसे लावून खेळावयाचे खेळ. आणि तिसऱ्या वर्गाला, तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंदी घातली. वर्तमानपत्रात ते वाचताना मला वाटले की, मराठीच्या प्राध्यापकाने करावयाचे काम दिल्लीच्या वकिलांनी केले.

त्याच दिवशी आमच्याकडे पोळा होता. तोरणाखाली बैल उभे होते, झडत्या चालल्या होत्या. त्या गर्दीत मला तो दिसला. खिल्लाऱ्या बैलाचा कासरा धरून उभा. हल्ली तो संत्री निवडून पेट्या भरण्याच्या कामावर जातो. मी जवळ गेलो. म्हणालो, “त्या दिवशी तू बोलायला आला होतास. मी ऐकले नाही.”

तो झुलीची गाठ नीट करीत राहिला. “जाऊ द्या सर. तुमचं म्हननं खरंच होतं.”

“खरे असेल, पण तुझ्या उपयोगाचे नव्हते.”

जरा वेळाने तो म्हणाला, “वीस हजार होते तवा, सर. कोनी मोबाईल हातचा घेऊन ठेवला असता त...” पुढे तो बोलला नाही. यावर उत्तर नव्हते, आणि त्या दिवशी मी ते शोधलेही नाही. उद्या घरी ये, एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्या विदर्भात या दिवशी मुले लाकडाचे बैल सजवून, चाकांवर ओढीत घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. तो आपल्या पाच वर्षांच्या पुतण्याला घेऊन आला. पुतण्याच्या हाती लाल शिंगांचा बैल होता. भाचेरावांनी यंत्र पुढे केले, पण तो त्याला हात लावीना. त्याने विचारले, “याच्यात पैसे लागते काय?”

“पैसे?” भाचेरावांना प्रश्नच समजला नाही. “हा तर आपला गेम आहे.”

मग तो बसला. पुलावरून पडला. ढगातल्या प्राण्याने त्याला उचलून रस्त्यावर ठेवले, तेव्हा तो हसला. तीन वर्षांनी मी त्याला हसताना पाहत होतो. जाताना तो माझ्याशी अर्धा तास बोलला. मी मध्ये एकही वाक्य घातले नाही. प्राध्यापकाला हे किती कठीण जाते, ते प्राध्यापकाच्या बायकोलाच ठाऊक. परीक्षेचा अर्ज कधी भरावयाचा असतो, हे त्याने शेवटी विचारले. आंबियाची फळगळ फार झाली आहे, पैसे जमले तर पाहू, असेही म्हणाला. अर्ज मी आणून ठेवला आहे.

सप्टेंबरात व्याख्यान झाले. म्हणजे झाले नाही. मी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि नाव न घालता एका प्रश्नाचे उत्तर लिहावयास सांगितले, ‘तुम्ही खेळता त्या खेळात हरल्यावर तुमचे काय जाते?’ चिठ्ठ्यांत काय होते ते मुलांचे आहे. एवढे सांगतो की, दहा वर्षांत प्रथमच व्याख्यानानंतर तीन मुले माझ्या खोलीपर्यंत आली, आणि या वेळी मी आधी खुर्ची पुढे केली.

वाचकहो, दिवाळी आहे. घरोघर मुले काही ना काही मागतील. पंचेचाळीस हजारांचे यंत्र घ्या असे मी सांगणार नाही. मीही घेतलेले नाही. पण मूल आज ज्या खेळात रमले आहे तो एकदा स्वतः हातात घेऊन पाहा. पडा, हरा, मुलाला हसू द्या. आणि हरल्यावर आपले काय गेले ते नीट मोजा. खेळावर काय बोलावयाचे ते त्यानंतर ठरवा.

ऑगस्टअखेर भाचेराव परत गेले. पाठपिशवीत यंत्र होते आणि त्याच्या जोडीला, दोन सदऱ्यांत गुंडाळलेला, पुतण्याशी सौदा करून मिळविलेला लाल शिंगांचा बैल होता. बदल्यात लंडनची चार चॉकलेटे द्यावी लागली म्हणे. त्याचे एक चाक कुरकुरते. ताईचा फोन होता की, शेजारची इंग्रज मुले तो बैल हाताळावयास रांग लावून उभी असतात, आणि ही वस्तू कोठल्या दुकानात मिळते म्हणून विचारतात. भाचेराव त्यांना मोठ्या रुबाबात सांगतात, “ती अजून तुमच्या बाजारात आलेली नाही.”